बुरुजाला नाक कशासाठी? ठाण्याचा कोनदार कोट आणि अर्नाळ्याचे गोल बुरुज

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय : "माझा मुलगा नववीत आहे. त्याने मोबाईलवर उपग्रहाचं चित्र उघडून मला ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह दाखवलं. जुन्या भिंतीचे कोपरे बाणाच्या टोकासारखे बाहेर आलेत. दिवाळीत आम्ही अर्नाळ्याला गेलो होतो, तिथले बुरुज मात्र गोल. गोल बुरुजावरून तोफेचा गोळा घसरतो, म्हणून गोल आकार मजबूत, असं त्याला सांगितलं गेलंय. मग पोर्तुगीजांनी टोकं का काढली? नुसती शोभा म्हणून? आणि तो जी भूमिती शिकतोय, तिच्यात हे कुठे बसतं?"

ताई, तुमच्या मुलाला सांगितलेलं चूक नाही. एकाच जाडीच्या दोन भिंती घेतल्या, एक गोल आणि एक कोनाची, तर तोफेच्या माऱ्यात गोल भिंत जास्त तग धरते. कोपऱ्याचा दगड दोन बाजूंनी उघडा असतो, त्याला शेजाऱ्यांचा आधार कमी, म्हणून तो आधी निखळतो. घरातलं प्लास्टर कुठे आधी उडतं ते बघा, भिंतीच्या कोपऱ्यालाच.

पण किल्ला आखणाऱ्याला दुसरी काळजी जास्त असते. भिंतीच्या पायथ्याशी कोण आलंय ते आतल्या माणसाला दिसतं का, आणि दिसलं तर त्याच्यावर गोळी घालता येते का. टोकदार बुरुज या काळजीतून जन्मला. मी २८ वर्षं जुन्या बांधकामांची मोजणी आणि दुरुस्ती करतोय. त्यात कोकणपट्टीतले कोट बरेच आले. मोजमापं कागदावर उतरली की दर वेळी एकच गोष्ट समोर येते : तटाची रेघ बचाव करणाऱ्याच्या नजरेने आखलेली असते. दगड त्या नजरेच्या मागून जातो.

हे शब्दांत सांगण्यापेक्षा घरी करून बघा. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्राची चौकोनी घडी ठेवा. हा आपला कोट. तिच्या एका कोपऱ्यावर डाळीचा गोल स्टीलचा डबा ठेवा, डब्याचा मध्य बरोबर कोपऱ्यावर येईल असा. हा गोल बुरुज. आता त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या दोन कडांच्या पलीकडच्या टोकांना एकेक मोबाईल टेबलाला टेकवून धरा आणि टॉर्च लावा, उजेड कडेकडेने डब्याकडे जाईल असा. खोलीतला दिवा बंद करा. हे दोन मोबाईल म्हणजे शेजारच्या दोन बुरुजांवरचे बंदूकवाले. जिथवर उजेड पोचतो, तिथवर त्यांची गोळी पोचते असं धरा.

आता डब्याच्या पुढे, कोपऱ्याच्या बाहेरच्या अंगाला बघा. दोन सावल्या जिथे एकमेकींवर पडतात तिथे एक गडद तुकडा दिसेल. पुढून टोकदार, मागून डब्याच्या गोलाईने खाल्लेला. त्या तुकड्यात उभा असलेला माणूस डावीकडच्यालाही दिसत नाही आणि उजवीकडच्यालाही नाही. खुद्द डब्यावर उभा असलेला शिपाई त्याच्या डोक्यावरच आहे, पण खाली बघायचं तर त्याला तटाबाहेर अर्धं अंग काढून वाकावं लागेल, आणि समोर शत्रूचे नेमबाज टपलेले असताना असा वाकलेला माणूस फार वेळ राहत नाही.

हा तुकडा केवढा असतो? बुरुजाची त्रिज्या ६ मीटर धरा आणि दोन्हीकडच्या नजरेच्या रेषा काटकोनात मिळतात असं धरा. त्या रेषा वर्तुळाच्या स्पर्शिका आहेत, नववी-दहावीच्या पुस्तकातल्याच. तुकड्याचं टोक बुरुजाच्या भिंतीपासून अडीच मीटर पुढे येतं आणि क्षेत्रफळ पावणेआठ चौरस मीटरच्या आसपास भरतं. पहार आणि कुदळ घेतलेली दहा-बारा माणसं तिथे सहज मावतात. तोच कोन ६० अंशांचा झाला तर टोक ६ मीटर पुढे जातं आणि जागा सुमारे २५ चौरस मीटर होते, म्हणजे एका वन रूम किचनएवढी. एवढ्या जागेत शत्रू बिनधास्त बसून बुरुजाच्या पायात सुरुंग खणू शकतो.

आता शाडूची माती घ्या. गणपतीच्या वेळची उरलेली असेल तर उत्तम, नाहीतर कणकेचा गोळा चालेल. ती डब्याला बाहेरून चिकटवत चिकटवत तो गडद तुकडा पूर्ण भरून काढा, इतका की अंधार उरलाच नाही पाहिजे. दोन्ही टॉर्चचा उजेड आता मातीच्या दोन सपाट बाजूंना घासून जाईल. हात मागे घ्या आणि वरून बघा. तुमच्या मुलाने उपग्रहाच्या चित्रात पाहिलेलं बाणाचं टोक तुमच्या टेबलावर तयार झालेलं असेल. टोक कुणी शोभेसाठी जोडलेलं नाही. जी जागा शत्रूला लपायला मिळत होती तीच दगडाने व्यापून टाकली, म्हणून बुरुजाला नाक आलं.

मुलांबरोबर हा प्रयोग मी पुष्कळदा केला आहे. अंधार भरत येतो आणि टोक आपोआप उमटतं, त्या क्षणी मुलं गप्प होतात. तुमच्या मुलालाही माती स्वतःच्या हाताने भरू द्या.

मग तोफा यायच्या आधी ही सावली नव्हती का? होती, पण भिंती उंच होत्या. पंधरा-वीस मीटरवरून दगड, उकळतं तेल, जळते बोळे खाली टाकले की पायथा सांभाळला जायचा. १४९४ साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स चाकांच्या गाड्यांवर लादलेल्या ओतीव तोफा घेऊन इटलीत उतरला. त्या तोफा लोखंडी गोळे फेकत होत्या. उंच आणि त्या मानाने पातळ असलेल्या जुन्या भिंती त्यांच्यापुढे टिकेनात. मग इटलीतल्या बांधकाम करणाऱ्यांनी भिंत बुटकी केली, जाड केली, तिच्या मागे मातीचा भराव घातला. गोळा मातीत रुतून बसतो, दगडासारखे तिचे तुकडे उडत नाहीत. भिंतीपुढे रुंद खंदक, आणि खंदकाच्या पलीकडे हळूहळू उतरत जाणारं उघडं मैदान. दुरून बघणाऱ्या तोफखान्याला तटाचा वरचा काठच काय तो दिसावा, बाकी सगळं जमिनीआड.

यात एक गोष्ट गेली, ती उंची. वरून मारा करायची सोय संपली, तेव्हा बाजूने मारा करणं भागच झालं. प्रत्येक बुरुजाने शेजारच्या बुरुजाचं तोंड राखायचं आणि शेजाऱ्याने त्याचं. पुढच्या शंभर वर्षांत ही रचना युरोपभर गेली. इटलीतलं नऊ टोकांचं पाल्मानोव्हा आणि नेदरलँड्समधलं पाच टोकांचं बूर्तांगे या दोन्हींशी १५९३ हे एकच साल जोडलेलं आहे. मुलाला ही दोन्ही नावं मोबाईलवर शोधायला सांगा. वरून दिसणारं चित्र बघितल्यावर तो अर्धा तास तरी हलणार नाही.

आता ठाण्याकडे या. कळवा पुलावरून उतरून कोर्टनाक्याकडे येताना जो कोट लागतो, तो पोर्तुगीजांनी १७३०च्या दशकात खाडीकाठी बांधायला घेतला. मराठ्यांचा साष्टीवर, म्हणजे ठाणं ज्यावर आहे त्या बेटावर, डोळा आहे हे त्यांना कळून चुकलं होतं. काम पुरं व्हायच्या आत, १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठी फौज साष्टीत उतरली आणि ठाणं पडलं. अर्धवट कोटाची हीच अडचण असते. कोनदार रचनेत प्रत्येक बुरुज शेजाऱ्यावर विसंबून असतो. एक जरी बुरुज अपुरा राहिला तरी त्याच्या दोन्हीकडच्या शेजाऱ्यांची तोंडं उघडी पडतात. गोल बुरुजांच्या कोटात बुरुज एकमेकांवर एवढे विसंबून नसतात.

पुढे ३७ वर्षांनी हाच कोट मराठ्यांच्या ताब्यात असताना इंग्रजांनी वेढला. डिसेंबर १७७४. या वेढ्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्रजांच्या तोफांनी तटाला खिंडार पाडलं, आत शिरता येईल एवढं. पण मध्ये खंदक होता. रात्रीच्या वेळी तो बुजवायला गेलेल्या तुकडीवर आतून असा मारा झाला की पुष्कळ माणसं गमावून ती परतली. दुसऱ्या दिवशी हल्ला करूनच त्यांना किल्ला घेता आला. त्यांच्या आरमाराचा कमोडोर जॉन वॉटसन याच वेढ्यात जबर जखमी होऊन गेला. म्हणजे भिंत फुटल्यावरही किल्ला एक रात्र लढला. तुमच्या मुलाचा प्रश्न 'कोणती भिंत मजबूत' असा आहे, आणि त्याचं उत्तर या एका रात्रीत आहे. भिंत फुटणारच असं धरूनच या कोटाची आखणी केलेली असते. फुटलेल्या जागेकडे यायची वाट नजरेखाली राहिली पाहिजे, म्हणजे आतल्यांना लढायला वेळ मिळतो.

हा कोट आज कारागृह आहे, त्यामुळे आत जाऊन बुरुज बघता येत नाहीत. १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना याच भिंतींच्या आत फाशी दिलं गेलं. मुलाला तिथून नेताना हेही सांगा.

अर्नाळा मला या बाबतीत फार बोलका वाटतो. त्याचंही साल १७३७. पोर्तुगीजांकडून ते बेट घेतल्यावर बाजीराव पेशव्यांच्या काळात मराठ्यांनी तिथे नव्याने किल्ला बांधला. दरवाजाच्या दोन्ही अंगांना तुम्ही पाहिलेले ते दणदणीत गोल बुरुज. किल्ल्यातल्या शिलालेखात बाजीरावांचं नाव आहे, आणि भैरव, भवानी, बावा ही बुरुजांची नावं आजही घेतली जातात. म्हणजे ज्या वर्षी ठाण्याचा कोनदार कोट मराठ्यांच्या हाती आला, त्याच वर्षी त्यांनी स्वतःसाठी गोल बुरुज निवडले. त्यांना कोनदार आकार कळला नव्हता असं म्हणणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. ठाणं त्यांच्या हातात होतं, पुढे दोन वर्षांत वसई आली. रोज त्या बुरुजांवर पहारे देणाऱ्या माणसांना त्या टोकांचा उपयोग समजला नसेल?

बेटावरच्या किल्ल्याला शत्रू होड्यांतून येतो. तो तटापुढे खंदक खणत, मातीचे आडोसे करत, आठवडेच्या आठवडे पुढे सरकू शकत नाही. भरती-ओहोटी त्याला बसू देत नाही. जहाजावरची तोफ हलत्या पाण्यावरून डागली जाते, एकाच जागी पुन्हा पुन्हा नेम लागत नाही. अशा ठिकाणी बुरुजाच्या पायथ्याच्या सावलीत माणूस पोचण्याची धास्ती कमी आणि तोफेचा सुटा मार खाण्याची धास्ती जास्त. तिथे गोल बुरुज हीच शहाणी निवड. ठाणं सपाट जमिनीवर, गावाला लागून. तिथे शत्रू चालत येतो, चर खणतो, मोर्चे म्हणजे मारा करायला मातीचे आडोसे बांधतो.

डोंगरी गडांना तर हा प्रश्न फारसा पडतच नाही. कडा तासलेला असला की पायथ्याशी पोचणार कोण? तिथे सगळी अक्कल दरवाजापाशी खर्ची पडते. रायगडाचा महादरवाजा आठवा. दोन प्रचंड बुरुज एकमेकांना कवेत घेतल्यासारखे पुढे-मागे उभे, आणि दरवाजा त्यांच्या कुशीत. अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. वळण घेऊन आत शिरणाऱ्यावर दोन्ही बुरुजांच्या जंग्यांतून, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेल्या भोकांतून, मारा. हत्तीला धावत येऊन धडक द्यायला सरळ वाटच मिळत नाही. याला आपण गोमुखी बांधणी म्हणतो. ती हुबेहूब त्याच प्रश्नाचं उत्तर आहे, बगलेतून मारा कसा करायचा याचं. राजगडाच्या संजीवनी माचीला दुहेरी तट आहे, एकामागे एक, मध्ये माणूस फिरेल एवढी फट. बाहेरचा बुरुज ढासळला तरी आतला उभाच. चिलखती बुरुज हा शब्द तिथला, आणि तो किती नेमका आहे बघा.

माझ्या मते सगळ्यांत सुंदर उत्तर सिंधुदुर्गाचं. कुरटे बेटावर १६६४ मध्ये काम सुरू झालं, तीन वर्षांत उभा राहिला. त्याचा तट सरळ रेषेत जातच नाही. बेटाच्या खडकाबरोबर तो आत-बाहेर, आत-बाहेर नागमोडी जातो आणि मधूनमधून बुरुज. फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेने, चालत गेलात तर जवळजवळ प्रत्येक वळणावर पलीकडच्या वळणाचा पायथा दिसतो. पट्टी-कंपास न लावता, खडकाने दिलेल्या वळणांवरून तीच गोष्ट साधली, जी युरोपात कोन मोजून साधत होते. मालवणला गेलात तर होडीतून उतरल्याबरोबर देवळाकडे धावू नका, आधी तटावर जा आणि मुलाला विचारा, इथून कुठला पायथा दिसत नाही ते शोध.

टोकदार बुरुज म्हणजे अभेद्य, असाही समज करून घेऊ नका. त्याचं नाक हीच त्याची दुखरी जागा. नाकाच्या दोन्ही बाजू शेजारी राखतात, पण नाकाच्या अगदी समोर, सरळ रेषेत, आतून मारा सगळ्यांत विरळ असतो, कारण दोन्ही मुखांवरच्या, म्हणजे नाकाला मिळणाऱ्या दोन बाहेरच्या बाजूंवरच्या, तोफा आपापल्या बाजूला तोंड करून असतात. वेढा घालणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. फ्रान्सचा व्होबाँ, जो किल्ले बांधण्यातही आणि घेण्यातही त्या काळचा सर्वांत मोठा जाणकार, त्याने १६७३ च्या मास्ट्रिख्टच्या वेढ्यात चर खणत जायची पद्धत बसवून दाखवली. किल्ल्याला समांतर एक लांब चर, तिथून नाकाच्या रोखाने पुढे सरकणारे वाकडेतिकडे चर, मग आणखी जवळ दुसरा समांतर चर, मग तिसरा. वाकडेतिकडे अशासाठी, की तटावरून सुटलेली गोळी चराच्या लांबीवरून धावत जाऊ नये. बचावाची जी भूमिती, तीच उलटी करून हल्ल्याची.

आणि आपल्याकडे वसई. चिमाजी अप्पांनी फेब्रुवारी ते मे १७३९ असा वेढा घातला. वसईचा कोट मोठा, अनेक कोनांचा, बुरुजांना संतांची नावं. मराठ्यांनी मोर्चे पुढे सरकवत नेले आणि शेवटी जमिनीखालून गेले. सुरुंग लावून बुरुज उडवले, त्यात सेबास्तियांव नावाचा बुरुज फुटला आणि काही दिवसांतच पोर्तुगीजांनी तहाचं निशाण लावलं. नजरेची सगळी भूमिती जमिनीच्या वरची आहे. खालून येणारा माणूस कुठल्याच बुरुजावरून दिसत नाही. त्या सुरुंगांच्या तोंडाशी किती माणसं गेली असतील, याचा विचार वसईत उभं राहिल्यावर माझ्या मनातून जात नाही. आपण किल्ल्यांकडे रेषा आणि कोन म्हणून बघतो तेव्हा हे विसरायला होतं, म्हणून लिहिलं.

वसई-ठाण्याचे हे कोट पुढे शंभर वर्षांत जुने झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तोफेच्या नळीत आटे पाडायला लागले, गोळा फिरत जाऊ लागला, लांब आणि नेमका. अमेरिकेतला पाच कोनांचा फोर्ट पुलास्की एप्रिल १८६२ मध्ये अशा तोफांपुढे सुमारे तीस तासांत शरण आला. टोकं, खंदक, सगळं जागच्या जागी होतं. मुंबईच्या कोटाच्या भिंतीही त्याच दशकात पाडून टाकल्या, आज बहुतेक फक्त 'फोर्ट' हे नाव उरलंय.

एक खुलासा करायलाच हवा. पाच किंवा सहा टोकांचे किल्ले म्हणजे यंत्राकृती, ग्रहांची शक्ती, गुप्त खुणा, असा मजकूर मोबाईलवर फिरत असतो आणि मुलं तो खरा मानतात. बाजू किती घ्यायच्या हे जमीन, पैसा आणि कोनाची जाडी या तीन गोष्टी ठरवतात. तिसरी गोष्ट आता कागदावर करून बघू, कारण भूमितीत हे कुठे बसतं हा तुमचा शेवटचा प्रश्न तिथेच सुटतो.

मुलाला कंपास, पट्टी, कोनमापक आणि कोरा कागद द्या. प्रमाण १ सेंटीमीटर म्हणजे ५० मीटर. ७ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि तीच त्रिज्या कंपासात धरून परिघावर सहा खुणा करायच्या. खुणा जोडल्या की सुसम षट्कोन झाला, प्रत्येक बाजू ३५० मीटरची. हे माप व्होबाँचं. त्याची बाजू १८० त्वाझ असे, आणि एक त्वाझ, हे जुनं फ्रेंच माप, म्हणजे दोन मीटरला थोडा कमी.

एका बाजूचा मध्य काढा. तिथून आतल्या अंगाला लंब टाका, बाजूच्या एक षष्ठांश लांबीचा, म्हणजे १ सेंटीमीटर २ मिलिमीटरला किंचित कमी. बाजूच्या दोन्ही टोकांपासून लंबाच्या टोकातून जाणाऱ्या रेषा काढा आणि पलीकडे वाढवा. त्या दोन रेषा म्हणजे नजरेच्या रेषा, तुमच्या टेबलावरच्या टॉर्चचा उजेड. आता प्रत्येक रेषेवर कोपऱ्यापासून २ सेंटीमीटर मोजा. हे बुरुजाचं मुख, बाजूच्या दोन सप्तमांश, म्हणजे १०० मीटर. डावीकडच्या मुखाच्या आतल्या टोकावर कंपास टेकवा, उजवीकडच्या मुखाच्या आतल्या टोकापर्यंत उघडा, आणि चाप काढत डावीकडून आलेल्या नजरेच्या रेषेला छेदू द्या. छेदनबिंदूपासून उजव्या मुखाच्या टोकापर्यंतची रेघ ही बगल. शेजाऱ्याला राखणाऱ्या तोफा इथे असतात. उलट बाजूनेही तसंच करा आणि दोन्ही छेदनबिंदू जोडा, तो तट.

मापं घेतली तर तट सुमारे १४४ मीटर येईल, बगल ५१ मीटर, आणि एका बुरुजाच्या नाकापासून शेजारच्या बगलेपर्यंतचं अंतर २६० मीटर. हा शेवटचा आकडा सगळ्याचं मूळ आहे. त्या काळच्या बंदुकीची गोळी एवढ्या अंतरावर अजून घातक राहते असं धरून चालत. किल्ल्याची बाजू किती लांब घ्यायची हे राजाच्या हौसेवर नव्हतं, ते बंदुकीच्या पल्ल्यावर होतं.

मग नाकाचा कोन. षट्कोनाचा आतला कोन १२० अंश. दोन्ही बाजूंनी नजरेच्या रेषेने साधारण साडेअठरा-साडेअठरा अंश कापले, उरले ८३. चांगला भरीव कोन, आत तोफा फिरवायला जागा. पंचकोनात १०८ अंशच मिळतात, म्हणून व्होबाँ लंब थोडा आखूड करतो, एक सप्तमांश, आणि नाक ७६ अंशांचं होतं. चौकोनात लंब एक अष्टमांश, तरीही नाक जेमतेम ६२ अंशांचं. किल्ले आखणाऱ्यांचा दंडक होता की नाक ६० अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर ते इतकं निमुळतं होतं की दोन-चार गोळ्यांत टोक गळून पडतं आणि आत तोफ मागे सरकायलाही जागा राहत नाही. चौकोन त्या दंडकावर काठावर पास होतो. आणि त्रिकोण? आतला कोन मुळातच ६०. तोच एक अष्टमांशाचा लंब घेतला तर नाक ३२ अंशांचं, पेन्सिलीच्या टोकासारखं. म्हणून सपाट जमिनीवर पैसा आणि जागा हाताशी असलेले लोक पाच-सहा बाजूंकडे वळत. लहान ठाण्यांना चौकोन पुरे. त्रिकोणी आखणीकडे वळायचं ते जमिनीने भागच पाडलं तर.

सगळ्या सहा बाजू एकदम काढायला सांगू नका, कंटाळेल. शेजारच्या दोनच बाजू पुऱ्या करू द्या, म्हणजे मधला एक बुरुज दोन्ही मुखांसकट तयार होईल. मग कोनमापक त्याच्या नाकावर ठेवायचा. ८२ ते ८४ च्या मध्ये आकडा आला तर काम चोख झालं. ८० च्या खाली गेला तर बहुधा लंब जास्त आत गेला असेल, तो पुन्हा मोजायला सांगा.